ढग पळतात, पाऊस का पडत नाही?

पावसाळा तोंडावर आला की या सदराच्या टपालात एकाच विषयाची गर्दी होते. नवापूरपासून रावेरपर्यंतच्या वाचकांनी, त्यातही बहुतेक पाचवी ते नववीतल्या, पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे काडेपेटी लागेल तिथे घरातलं मोठं माणूस शेजारी असू द्या.

प्रश्न : जून-जुलैत आमच्याकडे दिवसभर पश्चिमेकडून काळे ढग पळत येतात. वारा असा की छत्री उलटी होते. पण पाऊस नुसता शिंतडतो. त्याच वेळी टीव्हीवर मुंबईत गुडघाभर पाणी दाखवतात. ढग तेच, वारा तोच, मग पाऊस कुठे जातो? (इयत्ता सातवी, धुळे)

उत्तर : वारा पाणी आणतो, पाऊस पाडत नाही. पाऊस पडायचा तर हवेला वर चढावं लागतं. ती चढली नाही, तर कितीही ओली असली तरी डोक्यावरून निघून जाते. या पानावरच्या बऱ्याच प्रश्नांची किल्ली हीच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

चढण्याचा आणि ढगाचा संबंध काय, ते बाटलीत बघता येतं. एक लीटरची पातळ प्लास्टिकची पारदर्शक बाटली घे. तिच्यात दोन चमचे कोमट पाणी घाल, झाकण लावून हलव. मग झाकण काढ, काडी पेटवून विझव आणि तिचा धूर बाटलीत जाऊ दे, अगदी एवढासा. लगेच झाकण घट्ट लाव. दोन्ही हातांनी बाटली जोरात दाब, मनात पाचपर्यंत मोज आणि एकदम सोड. पाच-सहा वेळा असं केलंस की सोडल्याबरोबर आत पांढुरकं धुकं उमटेल. पुन्हा दाबलीस की गायब. तोच तुझा ढग.

दाबलेली हवा तापते, सैल सुटलेली हवा गार होते. सायकलीत हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ते यामुळेच. गार हवेत वाफ कमी मावते. जास्तीची वाफ मग धुराच्या कणांना धरून बारीक थेंब होते. धूर नसेल तर धुकं फार अंधुक येतं, कारण थेंबाला बसायला काहीतरी लागतंच. खऱ्या ढगात ते काम धूळ आणि समुद्रावरून आलेले मिठाचे कण करतात.

प्रयोग फसला तर आधी झाकण बघ, हवा गळत असेल. बाटली जाड असेल तर हातांनी पुरेशी दबत नाही. उकळतं पाणी घातलंस तर बाटलीच आकसेल. आणि आत दिसतोय तो धूर की ढग, अशी शंका आली तर दाबून बघ. ढग नाहीसा होतो, धूर होत नाही.

आता बाटली सोडून सह्याद्रीकडे ये. समुद्रावरून आलेला ओला वारा घाटाला धडकतो आणि त्याला चढण्यावाचून गत्यंतर नसतं. वर हवेचा दाब कमी, म्हणून ती हवा फुगते, गार होते. ही तुझी सोडलेली बाटली. कोकण आणि घाटमाथा तिथेच धुऊन निघतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या आसपास. पुढे हीच हवा घाट उतरून आपल्याकडे येते. साल्हेरचा माथा १,५६७ मीटर उंच आणि धुळे शहर जेमतेम अडीचशे मीटरवर. उतरणारी हवा दबते आणि तापते, म्हणजे दाबलेली बाटली. ढग विरायला लागतात.

यात एक हिशेब आहे. ढगातून चढणारी हवा दर किलोमीटरला साधारण सहा अंश गार होते, कारण वाफेचे थेंब होताना थोडी उष्णता परत मिळत राहते. ढग संपल्यावर उतरणारी हवा मात्र किलोमीटरला दहा अंशांनी तापते. म्हणजे किलोमीटरभर ढगातून चढून, पाणी टाकून, तेवढीच खाली उतरलेली हवा निघाली होती त्यापेक्षा चारेक अंशांनी गरम आणि चांगलीच कोरडी असते. शिंदखेड्यात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर सह्याद्रीच्या टोकाशी बसलेल्या नवापूरला जवळजवळ दुप्पट. मधलं अंतर एसटीने काही तासांचं.

आणि तुला पळताना दिसतात ते ढग? ते ठेंगणे असतात. ढगातला थेंब साधारण ०.०२ मिलिमीटरचा, पावसाचा थेंब दोन मिलिमीटरचा. व्यास शंभरपट, म्हणजे असे दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब. एवढी भर पडायला ढग जाड, उंच हवा. ठेंगण्या ढगातून जे सुटतं ते शिंतोडेच. त्यातलेही काही वाटेतल्या कोरड्या हवेत विरून जातात.

तो वारा अगदीच फुकट जातो असंही नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच वाऱ्यासाठी. त्यांची खरी सुगी पावसाळ्यात.

प्रश्न : सगळ्यात जास्त ऊन मे महिन्यात. पुस्तकात लिहिलंय की जमीन तापते म्हणून समुद्रावरून वारे येतात. मग पाऊस मेमध्येच का येत नाही? (इयत्ता सहावी, यावल)

उत्तर : फार नेमका प्रश्न. पुस्तकातलं वाक्य खोटं नाही, अपुरं आहे.

आधी ते वाक्य तपासून घे. दोन सारख्या स्टीलच्या वाट्या घे. एकीत पाव किलो पूर्ण कोरडी माती, दुसरीत पाव लीटर पाणी. सकाळी अकराला दोन्ही उन्हात शेजारी शेजारी ठेव आणि प्रयोगशाळेतली तापमापी वापरून दर पंधरा मिनिटांनी तापमान लिही. तापाची तापमापी अजिबात नको, ती ४२ अंशांच्या आसपास संपते आणि फुटते. तापमापीचा फुगा मातीत एक सेंटिमीटर आत असू दे. तो उघडा राहिला तर तू मातीचं नव्हे, फुग्यावर पडलेल्या उन्हाचं तापमान मोजशील. माती जरा जरी ओलसर असली तरी आकडे फसवतात, कारण ओल उडताना उष्णता घेऊन जाते. तासाभरात माती पाण्याच्या बरीच पुढे गेलेली दिसेल. नंतर दोन्ही वाट्या सावलीत आण. माती लवकर निवते, पाणी रेंगाळतं.

सारख्या वजनाचं पाणी आणि कोरडी वाळू एक अंशाने तापवायची तर पाण्याला चार-पाचपट उष्णता लागते. शिवाय समुद्राचं पाणी हलतं, त्यामुळे उष्णता खोलवर वाटली जाते. म्हणून मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ला पोचतो, पण अरबी समुद्राचा पृष्ठभाग तिशीच्या आसपास असतो. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, तिथे दाब कमी होतो. सगळ्यात कमी दाब राजस्थान आणि पाकिस्तानच्या वाळवंटी भागावर असतो. दक्षिणेला मादागास्करच्या पूर्वेकडच्या समुद्रावर मात्र दाब जास्त, कारण तिथे तेव्हा हिवाळा. तिथून निघालेले वारे आधी वायव्येकडे जातात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून उजवीकडे वळतात. वळून ते नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येतात. हजारो किलोमीटर समुद्रावरून, वाटेत वाफ भरून घेत.

आता तुझा प्रश्न. मेमध्ये खाली जमीन तापलेली असते, पण वरचा मजला अजून मोकळा झालेला नसतो. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडून, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. त्यांच्या राज्यात खालून चढणारी हवा फार वर जाऊ शकत नाही, वायव्येकडची कोरडी हवा तिला झाकणासारखी दाबून धरते. मेअखेर ते जून या काळात हा वरचा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. मग झाकण निघतं. केरळात मान्सून सरासरीने १ जूनला, मुंबईत ११ जूनला आणि खानदेशात जूनच्या मध्याला पोचतो, तो यामुळे.

आणखी एक गंमत बघ. पाऊस सुरू झाला की जमीन दहा-पंधरा अंशांनी निवते. नुसत्या तापलेल्या जमिनीवर गाडी चालत असती तर पहिल्याच आठवड्यात मान्सून बंद पडला असता. तो चालू राहतो कारण तो स्वतःचं सरपण सोबत आणतो. एक लीटर पाणी चुलीवर उकळी येईपर्यंत जेवढी उष्णता घेतं, त्याच्या सातपट उष्णता त्याची पूर्ण वाफ व्हायला लागते. समुद्रावर ही उष्णता वाफेत शिरलेली असते. ढगात वाफेचं पाणी झालं की ती सगळी बाहेर पडते, हवा आणखी तापते, आणखी चढते, खालून आणखी ओली हवा ओढली जाते. पुस्तकात हे अर्धं पानभर तरी यायला हवं होतं.

प्रश्न : नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणजे नैर्ऋत्येकडे जाणारे की तिकडून येणारे? आमच्या गच्चीवरची पिशवी तर सरळ पूर्वेकडे फडफडते. (इयत्ता पाचवी, नंदुरबार)

उत्तर : वाऱ्याला नेहमी तो जिथून येतो त्या दिशेचं नाव. तुझी पिशवीही बरोबर आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधून पूर्व-पश्चिम जाणारं तापीचं खोरं. जमिनीलगतचा वारा या गल्लीतून जाताना पश्चिमेचा होतो. खरी दिशा बघायची तर उंचावरच्या ढगांकडे बघ, तेही विजेच्या खांबासारखी स्थिर वस्तू धरून. नाहीतर ढग हलतोय की आपण, तेच कळत नाही.

प्रश्न : आमच्याकडे कधी कधी तीन-तीन दिवस झड लागते. तेव्हा वारा फार नसतो, पण पाऊस थांबत नाही. हा पाऊस घाट उतरून येतो का? (इयत्ता आठवी, चोपडा)

उत्तर : नाही, तो बहुतेक वेळा उलट्या बाजूने येतो. बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं. ते ओडिशावर चढून छत्तीसगड, मध्य प्रदेश असं पश्चिम-वायव्येकडे सरकत येतं. अशा क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरत आत ओढले जातात, आणि सगळीकडून आत आलेल्या हवेला जायला एकच वाट उरते ती म्हणजे वर. इथे चढण डोंगराची नाही, हवेनेच केलेली आहे. म्हणून ती दोन-तीनशे किलोमीटर रुंदीवर एकदम होते आणि पाऊस झिमझिम का होईना, लांबतो.

अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्येकडच्या बाजूला पाऊस सगळ्यात जास्त असतो. ते पश्चिम मध्य प्रदेशावर आलं की नकाशात त्याच्या नैर्ऋत्येला बोट ठेवून बघ, कोण सापडतं ते. चोपडा, यावल, रावेर यांना तर पाठीशी सातपुड्याची भिंतही आहे, ओली हवा तिच्यावरही चढते. खानदेशातल्या मोठ्या माणसांनी मुंबईच्या पावसाकडे डोळे लावण्यापेक्षा ओडिशाच्या किनाऱ्याकडे लक्ष द्यावं, असं आमचं सरळ मत आहे. तिथे क्षेत्र तयार झालं की साधारण तीन-चार दिवसांत आपल्याकडे त्याची चाहूल लागते. मात्र ते वाटेतच उत्तरेला वळलं, तर आपल्या वाट्याला नुसतं आभाळ.

हीच क्षेत्रं यायची थांबली, की पावसात खंड पडतो. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा एरवी राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत तिरपा पसरलेला असतो. तो उचलून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की तिकडे पूर आणि इकडे कोरडं. ऑगस्ट २०२३ मध्ये असंच झालं. १९०१पासूनच्या नोंदींत देशभरातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. त्या वर्षी प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा मधला आणि पूर्वेकडचा भाग नेहमीपेक्षा तापलेला होता, यालाच एल निनो म्हणतात. एल निनो म्हणजे दुष्काळच, असं मात्र समजू नको. त्याने शक्यता वाढते, नक्की काही होत नाही.

प्रश्न : गावात चार दिवस थेंब नाही आणि तापीला पूर! हे कसं? (इयत्ता आठवी, रावेर तालुका)

उत्तर : नदी पाऊस तुमच्या गावचा नाही, तिच्या वरच्या अंगाचा दाखवते. तापी निघते मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ. चांगदेवला तिला पूर्णा मिळते, ती अमरावती, अकोला, बुलढाण्याचं पाणी घेऊन. दोघींचं पाणी हतनूर धरणात येतं. तिथे ४१ दरवाजे आहेत, पैकी किती उघडले यावरून वर किती पडलं याचा अंदाज येतो. गिरणा तर नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीतून येते, पांझरा पिंपळनेरच्या बाजूने. म्हणजे जळगाव तालुक्याला दोन वेगवेगळ्या पावसांचे पूर येऊ शकतात, एक पूर्वेकडून आणि एक पश्चिमेकडून.

लांबच्या नदीचा पूर यायला वेळ लागतो, सूचना मिळते. घाबरायचं ते जवळच्या डोंगरातून येणाऱ्या लहान नद्यांना. चाळीसगावच्या तितूर आणि डोंगरी अजिंठ्याच्या रांगेतून येतात. ३१ ऑगस्ट २०२१ला डोंगरावर रातोरात पडलेल्या पावसाने शहरात पाणी शिरलं आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते गढूळ असतं, खाली फरशी शाबूत आहे की नाही दिसत नाही. सायकल घेऊन ओलांडायचं नाही. शाळा बुडाली तरी चालेल.

प्रश्न : शाळेत मुलांकडून पर्जन्यमापक बनवून घ्यायचा आहे. कमी खर्चात नीट आकडा देईल असा कसा करावा? (शिक्षिका, अमळनेर तालुका)

उत्तर : दोन लीटरची शीतपेयाची बाटली घ्या, बाजू सरळ असलेली, मध्ये कंबर असलेली नको. मान जिथे उतरायला लागते तिथून कापा. कापलेला वरचा भाग झाकण काढून उलटा आत बसवा, म्हणजे नरसाळं झालं. कडेला चिकटपट्टी लावा, पण तोंडाचा व्यास कमी होऊ देऊ नका. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून तळाशी वाळूखडे भरून वर सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी घाला आणि तिथे शून्याची खूण करा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा, पारदर्शक टेपखाली.

ठेवायचा कुठे, यावरच सगळं आहे. हवामान विभागाच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर असतं. तुमचंही साधारण तेवढंच ठेवा. फार खाली ठेवलं तर जमिनीवरून उडालेले शिंतोडे आत जातात, गच्चीवर ठेवलं तर वाऱ्याने थेंब तोंडावरून उडून जातात आणि आकडा कमी येतो. भिंत किंवा झाड जेवढं उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतर सोडा. अमळनेरच्या वाऱ्यात रिकामी बाटली टिकणार नाही. वाळूने भरलेल्या बादलीत रोवा. शेळ्यांसाठी कुंपण लागेल, हे गमतीने म्हणत नाही.

वाचन रोज सकाळी साडेआठला. हवामान विभागही तेव्हाच वाचतो आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेला लिहितो. डोळा पाण्याच्या पातळीत आणून वाचा, पाणी कडेला किंचित वर चढलेलं असतं, ते नव्हे तर मधली पातळी धरा. वाचून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणा. उघडीप असेल तेव्हाही हे रोज करायचं, नाहीतर शून्याचं पाणी उडून जातं आणि पुढचा पाऊस कमी मोजला जातो. बहुतेक शाळांचे आकडे इथेच बिघडतात. रविवारची सुट्टी हे दुसरं कारण, तेव्हा शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांना पाळी लावून द्या.

२.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो ‘पावसाचा दिवस’. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला तर हवामान विभागाच्या भाषेत जोरदार पाऊस.

प्रश्न : मोठ्या टोपल्यात जास्त पाणी जमतं, पेल्यात कमी. मग पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात तो कुणाच्या भांड्याने? (इयत्ता सहावी, पारोळा)

उत्तर : बाजू सरळ असतील तर कोणत्याही. मोठ्या तोंडातून पाणी जास्त येतं, पण ते पसरतंही जास्त, उंची तेवढीच राहते. तोंड रुंद आणि खालचं भांडं अरुंद असेल तर मात्र फसशील. नरसाळ्याचा व्यास १२ सेंटिमीटर आणि बाटलीचा ६ असेल, तर क्षेत्रफळ चौपट; बाटलीत ४० मिलिमीटर दिसले तर खरा पाऊस १०.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लीटर पाणी. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजारांवर लीटर. वीस बाय तीस फुटांच्या छतावर १० मिलिमीटर पडला तर साडेपाचशे लीटर, त्यातलं उडणं-सांडणं वजा करून साडेचारशे हाती येतं, म्हणजे दोनशे लीटरचे दोन ड्रम भरून वर उरतं. मोसमाच्या पहिल्या पावसाचं पाणी मात्र ड्रमात घ्यायचं नाही. छतावरची उन्हाळाभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते.

प्रश्न : ‘जळगाव जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस, यलो अलर्ट’ असं ऐकून छत्री नेली आणि ऊन पडलं. अंदाज चुकला ना? (इयत्ता नववी, भुसावळ)

उत्तर : बहुधा नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापकांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ पंचाहत्तरपर्यंत, ‘बहुतांश ठिकाणी’ त्याच्या वर. तुरळक ऐकलं म्हणजे चारांतल्या तिघांना कोरडं राहायची शक्यता आधीच सांगितलेली आहे. रंगांचंही असंच: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग पावसाचा नसतो, आपण काय करायचं त्याचा असतो.

‘मान्सून केरळात आला’ हेही असंच मोजून ठरतं. १० मेनंतर ठरलेल्या १४ ठिकाणांपैकी निदान साठ टक्के ठिकाणी सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर पाऊस हवा, शिवाय वाऱ्यांच्या आणि ढगांच्या अटी. एका गावात मुसळधार पडला म्हणून मान्सून येत नाही.

प्रश्न : आजोबा म्हणतात मृग लागला की पेरायचं. बाबा म्हणतात पंचाहत्तर मिलिमीटर झाल्याशिवाय नाही. कुणाचं खरं? (इयत्ता सातवी, शिरपूर तालुका)

उत्तर : मृग नक्षत्र लागतं ७ किंवा ८ जूनला, दरवर्षी. ते सूर्याच्या जागेवरून ठरतं. पावसाची सरासरी वेळ त्याच्या आसपास येते, म्हणून जुन्या माणसांनी ती खूण धरली, आणि घड्याळ-कॅलेंडर घरात नव्हतं तेव्हा ती खूण फार कामाची होती. पण सरासरी दरवर्षी येत नाही. पंचांगातल्या वाहनावरून, बेडूक की गाढव यावरून, पाऊस ठरत नाही.

बाबांचा आकडा मातीवरून आला आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात फाटते. पहिला पाऊस त्या भेगांतून खाली जातो आणि भेगा मिटेपर्यंत वरचा थर नीट भिजत नाही. वीसेक मिलिमीटरवर बी उगवतं, तीच तर फसवणूक. कोंब येतो, खाली ओल नसते, आठ-दहा दिवसांचा खंड पडला की रोप करपतं आणि दुबार पेरणी गळ्यात येते. ७५ ते १०० मिलिमीटर झाला की ओल मुळांच्या वाटेवर खोल पोचलेली असते. जूनच्या सुरुवातीचा पाऊस विजेचा, तुकड्या-तुकड्यांचा असतो, एका शिवारात नाला वाहतो आणि शेजारच्या शिवारात धूळ. म्हणून आकडा आपल्याच शेतातल्या डब्याचा धरा, जिल्ह्याचा नको. मग वापसा बघा: मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि अंगठ्याने ढकलला तर फुटावा. बोटांना चिकटली तर अजून थांबा.

आजोबांना एक मात्र विचार: अहिराणीत ‘पानी उना’, म्हणजे पाणी आलं, असं म्हणतात, पाऊस आला असं वेगळं म्हणत नाहीत. नुसतं आभाळ आलं तर ‘उना’ म्हणतात का? तोच हिशेब बाबांचा आहे.

प्रश्न : मेअखेरच्या वादळात आमची केळी आडवी झाली. पावसाळ्यातल्या पावसात असं होत नाही, मग त्याच वादळात का? आणि वीज पडते तीही तेव्हाच का? (इयत्ता नववी, रावेर)

उत्तर : तेव्हा चढण सगळ्यात उभी असते. दुपारी तापलेली हवा तासाभरात दहा-बारा किलोमीटर वर जाते. अशा ढगातून पाऊस सुटला की तो खालच्या कोरड्या हवेत उडतो, हवा एकदम गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पाऊस यायच्या आधी धुळीचा लोट येतो तो हाच. केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी, त्यात लाकूड नसतं. वर घड लटकलेला, त्यामुळे ते मोडतं. पावसाळ्यात खालची हवा आधीच ओली असते, इतकी जोरात कोसळत नाही.

उंच ढगात गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात, त्यातून विजेचा भार साठतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोज आणि तीनने भाग, तेवढे किलोमीटर. पण मोजत उभं राहू नको. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुझ्यापर्यंत पोचू शकते. पक्क्या घरात जा. शेतात असशील तर एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, विहिरीची मोटर आणि तारेच्या कुंपणाला हात लावायचा नाही. आसरा नसेलच तर पाय जुळवून उकिडवं बस, आडवं पडू नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ दे.

प्रश्न : पावसाळा संपला हे कधी धरायचं? ऑक्टोबरातही पाऊस येतोच की. (इयत्ता सहावी, एरंडोल)

उत्तर : मान्सून परत फिरायला लागतो तो वायव्य राजस्थानातून, सरासरी १७ सप्टेंबरला. मुंबईतून जातो ८ ऑक्टोबरच्या आसपास. तिकडची कोरडी हवा पुढे सरकते आणि ओली हवा मागे हटते, त्या सीमेवर दुपारी जमीन तापली की ढग उभे चढतात. म्हणून परतीचा पाऊस मेसारखाच असतो: दुपारनंतर, विजेसह, तासाभराचा. कापसाची बोंडं तेव्हाच फुटायला लागलेली असतात. वारा ईशान्येचा झाला, सकाळी दव दिसू लागलं आणि आकाश निळंशार राहिलं की आपल्याकडचा मोसम संपला. तोच ईशान्येचा वारा बंगालच्या उपसागरावरून वाफ घेऊन तमिळनाडूला ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस देतो. आपल्यापर्यंत तो जमिनीवरूनच येतो, रिकाम्या हातांनी.